‘बोर्ड’ आणि ‘बॉर्डर’ : एका फळीची दोन घराणी

शहापुरातल्या एका बोळात दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरची खोली आहे. फ्लेक्स छापणारी यंत्रे आल्यापासून अशा खोल्या बेळगावात थोड्याच उरल्या आहेत, म्हणून त्या बाजूला गेलो की मी तिथे थोडा वेळ टेकतो. मागच्या खेपेला लाकडी चौकटीवर ठोकलेला एक पत्रा भिंतीला लावून ठेवला होता. वरचे मोठ्या अक्षरांतले कन्नड नाव वाळलेले होते, मधली इंग्रजी ओळही सुकत आली होती आणि सर्वांत खालची मराठी ओळ अजून ओली चमकत होती. चारी कडांना दोन बोटे आत, खडू फासलेली दोरी ताणून आणि चिमटीत धरून सोडून, पांढऱ्या रेघा उमटवलेल्या होत्या. तेवढ्यात दुकानाचे मालक दारात आले. पेंटर कुंचल्यावरची नजर न हलवता म्हणाला, “बोर्ड झालाच की ओ काका, बॉर्डर तेवढी मारायची राहिल्याय.”

या छोट्या वाक्यात दोन इंग्रजी शब्द आहेत आणि ते इंग्रजी आहेत याची जाणीव त्या खोलीत कोणालाही नव्हती. ते दोघे एकाच घरातले आहेत, हे तर इंग्रजी बोलणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. मी मराठी माध्यमाच्या मुलांना अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. एकदा सातवीतल्या एका मुलाने विचारले होते, “सर, भिंतीवरचा बोर्ड आणि दहावीची परीक्षा घेणारा बोर्ड, दोघांचं नाव एकच कसं?” त्या वेळी मी त्याला शब्दकोशातले अर्थ फळ्यावर लिहून दिले. ते बरोबर होते, पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर इथे नीट मांडण्याचा प्रयत्न करतो.

आधी या शब्दाचा आपल्याकडचा पसारा पाहू. मध्यवर्ती बसस्थानकावर चंदगडची किंवा निपाणीची गाडी शोधणाऱ्याला ‘बोर्ड बघून चढा’ असे सांगितले जाते. ज्या घरात मूल दहावीला आहे त्या घरात ‘यंदा बोर्ड आहे’ एवढे म्हटले की पाहुणे समजून घेतात. कॅम्पातल्या रहिवाशांचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असतो. जुन्या लॉजांवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असे लिहिलेले दिसते आणि सांबऱ्याच्या विमानतळावर हातात बोर्डिंग पास पडतो. याखेरीज कॅरमचा बोर्ड, विजेचा स्विचबोर्ड आणि संगणकाचा कीबोर्ड आहेतच. पाटी, परीक्षा, संस्था, जेवण, प्रवास आणि खेळ यांना एकत्र बांधणारे असे काय आहे? उत्तर एका शब्दात सांगता येते : फळी.

इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकात इंग्लंडमध्ये जी जुनी इंग्रजी बोलली जात होती, तिच्यात ‘बोर्ड’ म्हणजे लाकूड चिरून काढलेली सपाट फळी. फळीपासून जे जे तयार होते त्यालाही त्या लोकांनी तेच नाव दिले. जेवणाचे मेज फळ्यांचे, म्हणून तेही ‘बोर्ड’. लढाईतली ढाल लाकडी फळ्या जोडून केलेली, म्हणून तीही ‘बोर्ड’. सैनिक खांद्याला खांदा लावून, ढालीला ढाल भिडवून उभे राहिले की त्या रांगेला जुन्या इंग्रजी वीरकाव्यांत ‘बोर्डवेआल’ म्हटले आहे. शब्दशः तो फळ्यांचा तट होय.

मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. आपली ‘फळी’ नेमक्या याच वाटेने चालत आली आहे. फडताळातली फळी ही लाकडाची, पण ‘शत्रूची फळी फोडली’ म्हणताना ती सैनिकांची रांग असते, ‘नेत्यांची दुसरी फळी’ म्हणताना माणसांची, आणि क्रिकेटचे वर्णन करताना ‘मधली फळी कोसळली’ असे आपण सहज म्हणतो. संस्कृतातला ‘फलक’ तर जुन्या इंग्रजी ‘बोर्ड’चा जुळा भाऊ वाटावा इतका जवळचा आहे. त्याचा मूळ अर्थ फळी, आणि अमरकोशात ढालीचे जे पर्याय दिले आहेत त्यांतही ‘फलक’ येतो. या दोन भाषांनी एकमेकींकडून हा अर्थ घेतलेला नाही. लाकडी ढाल हातात धरणाऱ्या माणसांना दोन्हीकडे एकच गोष्ट सुचली, एवढेच.

आपल्या भागात या शब्दाची आणखी एक शाखा रोज कानावर पडते. कन्नडमध्ये फळीला ‘हलगे’ म्हणतात आणि शाळेतल्या फळ्याला ‘कप्पु हलगे’, म्हणजे काळी फळी. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ पुढे ‘ह’ झाला. दुधाला तमिळमध्ये अजून ‘पाल’ म्हणतात आणि कन्नडमध्ये ‘हालु’ म्हणतात ते त्यामुळेच. तमिळमधली फळी ‘पलगै’ आहे, आणि ती कन्नडमध्ये ‘हलगे’ झाली. ‘पलगै’, ‘हलगे’ आणि ‘फलक’ हे एकाच गोतातले शब्द आहेत. मराठी शाळेतला फळा आणि शेजारच्या कन्नड शाळेतला हलगे यांचे हे नाते मी मुलांना सांगत असे तेव्हा त्यांचे चेहरे उजळत, कारण निम्मी मुले दोन्ही भाषा बोलतच मोठी झालेली होती.

दुकानावरच्या पाटीला तर दोन्ही भाषांत एकच शब्द आहे. मराठीत ‘नामफलक’ आणि कन्नडमध्येही ‘नामफलक’. बेळगावजवळच्या येळ्ळूर गावाच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशानुसार २०१४ च्या जुलैत काढण्यात आला तेव्हा गावात मोठा संघर्ष झाला. २०२४ साली कर्नाटकाने कायद्यात दुरुस्ती करून दुकाने आणि आस्थापनांच्या फलकांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक केली. या सगळ्या वादात मराठी भाषक आणि कन्नड भाषक एकमेकांशी ज्या वस्तूबद्दल भांडतात, तिला दोघेही एकाच संस्कृत नावाने, आणि घाईत असले की एकाच इंग्रजी नावाने ओळखतात.

आता त्या सातवीतल्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. परीक्षा घेणारी संस्था ‘बोर्ड’ कशी झाली? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मोठ्या दिवाणखान्यातले मेज कायमचे नसे. घोड्यांवर, म्हणजे सुताराकडे असतात तशा लाकडी तिकाटण्यांवर, लांब फळ्या टाकल्या की मेज तयार होई, आणि जेवण आटोपले की फळ्या भिंतीला लावून जागा मोकळी केली जाई. त्या मेजाचे नाव ‘बोर्ड’ होते. पुढे ‘टेबल’ हा शब्द रुळला आणि घरातल्या मेजावरून ‘बोर्ड’ मागे सरला. तरी दोन ठिकाणी तो चिकटून राहिला. एक म्हणजे मेजावर वाढले जाणारे अन्न, आणि दुसरे म्हणजे मेजाभोवती विचारविनिमयासाठी बसणारी माणसे.

आधी माणसांविषयी. राजाचे सल्लागार ज्या मेजाभोवती बसत त्या मेजाचे नाव सोळाव्या शतकात त्या सल्लागारांनाच मिळाले. मेजाचे नाव माणसांना देणे आपल्यालाही नवे नाही. ‘गादीने ठरवले’ म्हणताना कापसाची गादी कोणाच्या मनात नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी १७८४ साली लंडनमध्ये जे नियामक मंडळ नेमले गेले त्याचे नाव ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ होते. पुढे मुंबई इलाख्यात जिल्ह्याजिल्ह्यांत लोकल बोर्डे आली. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते, त्यामुळे इथल्या वयस्कर माणसांच्या तोंडी ‘लोकल बोर्डाची शाळा’, ‘लोकल बोर्डाचा रस्ता’ हे शब्द असत. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेला आजोबा शेवटपर्यंत ‘बोर्डाची शाळा’ म्हणत राहिले. शाळा सरकारी होऊन बरीच वर्षे उलटली होती, पण लंडनच्या मेजाचे नाव आमच्या पांदीपर्यंत येऊन पोहोचले होते.

दहावीचा बोर्डही याच मेजाभोवतीचा. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातले मूल एस.एस.एल.सी. देते आणि शेजारच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले मूल एस.एस.सी. देते. मंडळे दोन राज्यांची, परीक्षेची नावे वेगळी, पण दोन्ही घरांत ‘बोर्ड’ हाच शब्द धाकाने उच्चारला जातो. त्या मुलाला आज मी सांगेन की भिंतीवरचा बोर्ड ही उभी फळी आहे आणि परीक्षा घेणारा बोर्ड ही आडवी फळी आहे, जिच्याभोवती माणसे बसली आहेत.

याच कल्पनेसाठी मराठीने निवडलेला शब्द मला अधिक सुंदर वाटतो. आपण ‘मंडळ’ म्हणतो आणि कन्नड भाषक ‘मंडळि’ म्हणतात. मंडळ म्हणजे वर्तुळ. इंग्रजीला मधले मेज दिसले, आपल्याला त्याभोवतीचा गोल दिसला. म्हणूनच की काय, शिक्षण मंडळाला ‘बोर्ड’ म्हणणारा माणूस गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाला कधीही ‘बोर्ड’ म्हणत नाही. तिथे मेज नसतेच, गोल मात्र असतो.

मेजावरच्या अन्नाचा अर्थ आपल्याकडे फार गैरसमजाने वापरला जातो. ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ या जोडीत राहण्याची सोय ‘लॉजिंग’ या शब्दात आहे. ‘बोर्डिंग’ म्हणजे जेवणाची सोय, अर्थात आपली खानावळ. हा मराठी शब्द उत्तर कर्नाटकातल्या कन्नडनेही ‘खानावळि’ म्हणून आपलासा केला आहे आणि धारवाड-हुबळीपर्यंत तो पाट्यांवर दिसतो. जिथे मुले राहतात आणि जेवतात ती शाळा ‘बोर्डिंग स्कूल’ झाली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, आणि नंतर तिथे निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमाभागात ‘बोर्डिंग’ हे थेट वसतिगृहाचेच नाव झाले. ‘तो बोर्डिंगात शिकला’ हे वाक्य आजही कळते. इंग्रजीत जेवणाचा असलेला शब्द आपल्याकडे घराचा झाला. याला मी चूक म्हणणार नाही, कारण गरीब घरातून शिकायला आलेल्या मुलासाठी ताट आणि छप्पर ही एकाच उपकाराची दोन अंगे होती.

मेजावरून आलेला एक वाक्प्रचारही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एखादा व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’ आहे असे इंग्रजीत म्हणतात, तेव्हा तो स्वच्छ आणि उघड आहे असा अर्थ असतो. पत्ते खेळणाऱ्याचे हात मेजाच्या वर असले की त्याला पाने बदलता येत नाहीत, त्यावरून तो आला.

फळीचे इतर नातलग झटकन सांगून टाकतो. ‘कपबोर्ड’ म्हणजे सुरुवातीला पेले मांडून ठेवण्याची उघडी फळी किंवा मेज होते. दारे नंतर लागली, आणि उच्चार तर ‘कबर्ड’ असा झिजला. आपल्या ‘कपाटा’ची गोष्ट उलट आहे, कारण संस्कृतात ‘कपाट’ म्हणजे दारच. ‘डॅशबोर्ड’ म्हणजे घोडागाडीत हाकणाऱ्याच्या पायांपुढे लावलेली आडवी फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून ती असे. तीच फळी मोटारीत आली, तिच्यावर काटे आणि दिवे बसले, आणि आज कार्यालयातल्या संगणकावर आकडे दाखवणाऱ्या पानालाही लोक ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. ‘कीबोर्ड’ला मराठीने ‘कळफलक’ असा चपखल शब्द दिला आहे, आणि त्यात तो जुना फलक सुखाने नांदतो आहे.

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू, कारण ‘बोर्डिंग पास’चा उलगडा फळीने होत नाही. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ या रूपाचा आणखी एक अर्थ होता : कड, काठ, विशेषतः जहाजाची बाजू. फळी आणि कड हे मुळात एकाच शब्दाचे दोन अर्थ की सारख्या रूपाचे दोन सख्खे शब्द, यावर भाषाभ्यासकांत चर्चा आहे, पण इंग्रजीत ते फार लवकर एकमेकांत मिसळून गेले. ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजाच्या कडांच्या आत. ‘ओव्हरबोर्ड’ म्हणजे कडेवरून पलीकडे, पाण्यात. ‘बोर्ड करणे’ या क्रियापदाचा जुना अर्थ तर लढाईतला आहे : आपले जहाज शत्रूच्या जहाजाच्या बाजूला भिडवून त्यावर चढणे. सांबऱ्याला शांतपणे रांगेत उभा राहणारा प्रवासी त्या चढाईचाच शब्द हातात धरून उभा असतो.

जहाजाच्या उजव्या बाजूला ‘स्टारबोर्ड’ म्हणतात. त्याचा ताऱ्याशी काही संबंध नाही. जुन्या जहाजांना मागे मधोमध सुकाणू नसे, तर उजव्या बाजूला एक मोठे वल्हे बांधलेले असे आणि त्याने जहाज वळवले जाई. वळवण्याची ती बाजू म्हणून ‘स्टेओरबोर्ड’. डाव्या बाजूला पुढे ‘लारबोर्ड’ म्हणू लागले. वादळात ‘स्टारबोर्ड’ आणि ‘लारबोर्ड’ या दोन आरोळ्या एकसारख्याच ऐकू येतात हे उघड आहे, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली ‘लारबोर्ड’ सोडून ‘पोर्ट’ म्हणण्याचा हुकूम काढला.

कडेचा हाच शब्द जर्मानिक टोळ्यांबरोबर फ्रान्समध्ये गेला. तिथे ‘बोर’ म्हणजे काठ, आणि त्यावरून कपड्याला कडेने शिवलेल्या पट्टीला ‘बोर्द्यूर’ हे नाव पडले. ढालीच्या कडेने रंगवलेल्या पट्टीलाही तेच नाव होते. चौदाव्या शतकात तो शब्द इंग्रजीत ‘बॉर्डर’ होऊन आला. सीमाभागातल्या माणसाला या शब्दाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते ती हीच, की ‘बॉर्डर’ इंग्रजीत आला तो कापडाची किंवा ढालीची कड म्हणून. शहापूर-वडगावच्या मागांवरून उतरलेल्या साडीची बॉर्डर म्हणताना आपण तो शब्द त्याच्या मूळ अर्थाने वापरतो, आणि बातम्यांतली बॉर्डर हा त्याचा पुढचा अर्थ आहे. इथेही आपल्या भाषा जोडीने चालतात. मराठीत नदीला काठ असतो आणि साडीलाही काठ असतो. कन्नडमध्ये नदीचा तो ‘दड’ आणि इरकल साडीचा तो ‘दडि’.

मग बोर्ड आणि बॉर्डर आपल्या कानाला इतके वेगळे का वाटतात? इंग्लंडमधल्या आजच्या उच्चारात दोन्हींचा पहिला स्वर एकच आहे. आपण मात्र हे शब्द पुस्तकातून शिकलो. एकाच्या स्पेलिंगमध्ये ‘ओ’ला जोडून ‘ए’ हे अक्षर दिसले म्हणून तो ‘बोर्ड’ झाला, दुसऱ्यात नुसता ‘ओ’ होता म्हणून ‘बॉर्डर’ झाला. मुलांनी यात गोंधळ केला तर त्यांना रागावू नये. ‘बोर्डर’ म्हणजे वसतिगृहात जेवून-खाऊन राहणारा विद्यार्थी आणि ‘बॉर्डर’ म्हणजे सीमा, या दोन शब्दांत इंग्रज माणसाच्या कानालाही फरक कळत नाही, तो फक्त लिहिताना कळतो. ‘बोर झालं’ मधला ‘बोर’ मात्र या कुटुंबातला नाही.

राहता राहिला सीमेचा अर्थ. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही : दोन राज्यांची सीमा, दोन पोलीस ठाण्यांची हद्द, दोन गावांची शीव, दोन शेतांमधला बांध. कन्नडमध्ये ‘गडि’ आहे आणि सीमाप्रदेशाला ‘गडिनाडु’ म्हणतात. इंग्रजीत देशाच्या सीमेसाठी ‘बॉर्डर’ हा शब्द सोळाव्या शतकात रूढ झाला, आणि तो इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यामधल्या प्रदेशावरून. तिथे ‘द बॉर्डर्स’ हे अनेकवचनी नाव एका रेषेचे नव्हते, ते रेषेच्या लगतच्या मुलखाचे होते, ज्यात गावे, कुरणे, वाडे आणि माणसे होती. कापडाची बॉर्डरही रेघ नसतेच, तिला रुंदी असते आणि तिच्यात वेगळे विणकाम असते. ‘सीमाभाग’ या आपल्या शब्दात हाच अर्थ आहे. नकाशावरच्या रेषेला भाग नसतो, भाग असतो तो तिच्या दोन्ही अंगांच्या जमिनीला.

त्या मुलखातला एक पट्टा असा होता की त्यावर दोन्ही राज्ये हक्क सांगत. त्याचे इंग्रजी नावच ‘डिबेटेबल लँड’, म्हणजे वादातली जमीन, असे होते. १५५२ साली दोन्ही बाजूंनी तो वाटून घ्यायचे ठरले, रेषा आखली गेली आणि तिच्यावर मातीचा बांध घातला गेला. आपला सीमाप्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून चालू आहे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयासमोर आहे, त्यामुळे ही हकीकत वाचताना बेळगावच्या माणसाचा हात पानावर थोडा थांबतो. तो बांध घालून जवळजवळ पावणेपाचशे वर्षे झाली, पण ‘बॉर्डर्स’ हे त्या प्रदेशाचे नाव गेले नाही. आजही स्कॉटलंडमध्ये ‘स्कॉटिश बॉर्डर्स’ हा एक प्रशासकीय विभाग आहे, आणि तिथे राहणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘बॉर्डरर’ म्हणतात. त्याला मराठी शब्द शोधावा लागत नाही : सीमावासीय.